आरसी गाडी सुटताना आचके देते, चार मिनिटांत बंद पडते: ब्रशलेस मोटर आणि ईएससी कुठून तपासायला घ्याल

"काका, ईएससी उडाला." ईएससी म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्या मध्ये बसून मोटरचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी. हे वाक्य मी या हिवाळ्यात इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरच्याने पिशवीतून गाडी बाहेर काढली तरी कळतं, पुढे काय येणार ते. नाशिकला पाथर्डी फाट्याच्या पुढे एका मोकळ्या प्लॉटवर रविवारी सकाळी आम्ही पाच-सात जण १/१० मापाच्या आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या गाड्या पळवतो. मी अंबडला एका वर्कशॉपमध्ये मेंटेनन्सला आहे, त्यामुळे कुणाचीही गाडी बिघडली की ती फिरून फिरून माझ्याच पुढ्यात येते. आणि अनुभव असा, की 'उडाला' म्हणून आणलेला ईएससी बहुतेक वेळा ठणठणीत असतो. लोक आधी नवा ईएससी मागवतात, गाडी तशीच आचके देते, मग मोटर मागवतात, आणि शेवटी दोष निघतो दोन-तीनशे रुपयांच्या सेन्सर वायरीत, नाहीतर सैल झालेल्या एका स्क्रूत.

म्हणून खालचा क्रम मी ठरवून टाकलाय. फुकट ते महाग, असा. मधली पायरी गाळू नका. मी स्वतः गाळलीय आणि पैसे घालवलेत.

आधी लक्षण नीट बघा

'गाडी चालत नाही' हे लक्षण नाही. त्यात निदान पाच वेगळे आजार लपलेले असतात.

१. उभ्या गाडीला हळू थ्रॉटल दिला की टक-टक-टक करत जागच्या जागी आचके देते. पायाने जरा ढकलली की सुटते आणि मग सुरळीत पळते. याला सगळे कॉगिंग म्हणतात.

२. तीन-चार मिनिटं झकास पळते, मग ओढ कमी होते किंवा एकदम बंद. पाच मिनिटं सावलीत ठेवली की पुन्हा चालू.

३. थ्रॉटल दिला की मोटर नुसती थरथरते, किरकिरते, फिरत नाही. किंवा कधी सुलटी फिरते, कधी उलटी.

४. वळणावर क्षणभर सगळंच मरतं, स्टिअरिंगसकट, आणि लगेच जिवंत होतं.

५. मोटरचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, मधूनमधून हिसका देते.

यातलं दुसरं आणि चौथं लोक हमखास एकत्र करतात. त्यासाठी एकच प्रश्न विचारायचा: गाडी बंद पडली त्या क्षणी स्टिअरिंग हलत होतं का? हलत असेल, तर ईएससी जिवंत आहे. त्याने मोटरची वीज मुद्दाम तोडलीय, कारण एकतर व्होल्टेज खाली गेलंय नाहीतर काहीतरी तापलंय. स्टिअरिंगही मेलं असेल तर रिसीव्हरलाच, म्हणजे गाडीत बसून रिमोटचा संदेश पकडणाऱ्या भागालाच, वीज मिळाली नाही. तिथे मोटर तपासत बसण्यात अर्थ नाही. हे बघायला एक पैसाही लागत नाही, तरी जागेवर कुणी बघत नाही. गाडी थांबली की सगळे धावत तिच्याकडे जातात आणि आधी स्विच बंद करतात. स्विचला हात लावू नका. रिमोटचं चाक डावी-उजवीकडे फिरवा आणि गाडीकडे बघा.

फुकटातल्या तपासण्या

बॅटरीपासून सुरुवात. दोन सेलची लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरी, पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट दाखवते, पण उभ्या गाडीत मोजलेल्या ८.४ ला फारसा अर्थ नाही. थ्रॉटल दाबल्यावर ती किती खाली बसते, ते महत्त्वाचं. ईएससीचा कट-ऑफ सेलमागे ३.२ वर लावला असेल तर ६.४ व्होल्टच्या खाली क्षणभर जरी गेली तरी तो मोटर तोडणार. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. चांगले चार्जर तो मिलिओहममध्ये दाखवतात. दोन सेलचे आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर ती बॅटरी सरावाला ठेवा, रेसला नको.

इथे नाशिकची एक खास भानगड आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सात वाजता पाथर्डीच्या माळावर हात खिशातून काढवत नाहीत. निफाडचा पारा तर एक आकडी होतो, ते दर वर्षी पेपरात येतंच. लायपो थंड असली की तिचा रोध वाढतो आणि पहिल्याच जोराच्या थ्रॉटलला व्होल्टेज कोसळतं. मग 'दुपारी चालते, सकाळी चालत नाही' अशी तक्रार येते आणि बिचारा ईएससी बदनाम होतो. बॅटरी गाडीत बसवेपर्यंत जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. एवढ्याने दोष गेला, तर पुढचं काही वाचू नका.

मग रिमोट. थ्रॉटलचा ट्रिम, म्हणजे मधली जागा बारीक सरकवणारी सेटिंग, शून्यावर आहे का बघा. घरातल्या पोराने रिमोट हाताळला की ट्रिमचं बटण पहिलं दाबलं जातं. ट्रिम सरकला की ईएससीला न्यूट्रल सापडत नाही. तो चालूच होत नाही, किंवा सतत किंचित ब्रेक लावून बसतो आणि विनाकारण तापतो. ट्रिम शून्य करून, थ्रॉटलचे दोन्ही टोकांचे आकडे १०० वर ठेवून ईएससी पुन्हा कॅलिब्रेट करा: न्यूट्रल, पूर्ण थ्रॉटल, पूर्ण ब्रेक. बटण कधी दाबायचं आणि दिवा किती वेळा लुकलुकणार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, त्यासाठी तुमच्याच ईएससीचा कागद बघा. रिमोट बदलला, रिसीव्हर बदलला, की हे दर वेळी करायचं.

चौथं लक्षण असेल तर सर्वोकडे, म्हणजे चाकं वळवणाऱ्या छोट्या मोटरीकडे वळा. स्टिअरिंगचा सर्वो टोकाला जाऊन अडला की भरमसाट करंट ओढतो, आणि ईएससीमधला बीईसी, म्हणजे रिसीव्हरला पाच-सहा व्होल्ट पुरवणारा भाग, तेवढ्यापुरता मान टाकतो. रिसीव्हर रिसेट होतो. रिमोटमध्ये स्टिअरिंगचं टोक थोडं कमी करा, म्हणजे सर्वो अडणार नाही. ताकदवान सर्वो लावला असेल तर रिसीव्हरच्या रिकाम्या खाचेत कपॅसिटर बसवतात, तो स्वस्तात मिळतो.

कागदाची पट्टी आणि ॲलन की

आता गाडी उलटी धरा आणि चाक हाताने फिरवा. गवताची काडी, केस, मांजाचा तुकडा, काहीही एक्सलला गुंडाळलेलं असतं. संक्रांतीनंतरचे दोन रविवार तर मांजाचेच. नायलॉनचा मांजा बेअरिंगच्या आत घुसतो आणि चाक जड होतं. मोटर तेवढा जास्त करंट ओढते, तापते, ईएससी तोडतो. दोष मांजाचा, शिव्या ईएससीला.

त्यानंतर पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर. ते एका बारीक ग्रब स्क्रूवर धरलेलं असतं. हा स्क्रू सैल झाला की शाफ्ट आत फिरतो, पिनियन मागे राहतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते अगदी कॉगिंगसारखं दिसतं. पाचवं लक्षण म्हणजे नव्वद टक्के हाच स्क्रू, असं मी म्हणणार नाही, पण मी आधी तिथेच ॲलन की घालतो. शाफ्टला एका बाजूने सपाटी असते. स्क्रू त्या सपाटीवरच आला पाहिजे. गोल बाजूवर आवळलेला स्क्रू दोन फेऱ्यांत सुटतो. निळा थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद, एक थेंब, त्याहून जास्त नको. लालला हात लावू नका, पुन्हा उघडणार नाही.

पिनियन आणि ते ज्याला फिरवतं ते मोठं स्पर गिअर यांच्यातली फट बघायची जुनी युक्ती म्हणजे कागद. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांच्या मध्ये फिरवा, मोटर तिच्यावर दाबून आवळा आणि पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर पन्हाळी पत्र्यासारख्या घड्या पडल्या पाहिजेत. फाटली तर फट कमी आहे. घड्या उमटल्याच नाहीत तर जास्त. स्पर एका पूर्ण फेरीत चार ठिकाणी तपासा, कारण बरेच स्पर किंचित वाकडे फिरतात आणि एकाच ठिकाणी घट्ट होतात. घट्ट बसवलेलं गिअर हे मोटर तापण्याचं सगळ्यात स्वस्त कारण आहे.

तीन वायरी: विहिरीवरच्या मोटरीसारखंच

इथपर्यंत दोष सापडला नाही तर वीज तपासायची. ब्रशलेस मोटर म्हणजे तीन फेजची मोटर. बॅटरीची एकदिश वीज ईएससी आळीपाळीने तीन वायरींत सोडतो. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना वेगळं सांगायला नको: विहिरीवरच्या मोटरीचा एक फेज गेला की ती नुसती घुमते, फिरत नाही, आणि स्टार्टरने वेळेत तोडलं नाही तर जळते. आपली मोटरही तेच करते. तिसरं लक्षण म्हणजे बहुधा एक फेज तुटलेला. फिरलीच तर कुठल्या बाजूला फिरेल याचा नेम नाही.

ईएससी चालू करताना जो 'टिर्रिंग' आवाज येतो, तो ईएससीतून येत नाही. तो मोटरच्या गुंडाळ्यांतून येतो. ईएससी मोटरलाच स्पीकर म्हणून वापरतो. दिवा लागतोय आणि आवाज नाही, तर आधी मोटरच्या वायरींकडे बघा.

मल्टिमीटर इथे फारसा कामाचा नाही. या गुंडाळ्यांचा रोध काही मिलिओहम असतो. साधा मीटर तिन्ही जोड्यांना ०.२ किंवा ०.३ ओहम दाखवेल, तो त्याच्या स्वतःच्या वायरींचा रोध. मीटरने एवढंच बघा की कुठलीही वायर मोटरच्या बाहेरच्या डब्याला लागलेली नाही.

त्यापेक्षा बोटांची चाचणी करा. मोटर गिअरपासून बाजूला करा, तिन्ही वायरी ईएससीपासून सोडवा, टोकं एकमेकांना लागू देऊ नका. पिनियन चिमटीत धरून फिरवा. चुंबकामुळे ठराविक अंतरावर बारीक खाचा लागतील, त्या असायच्याच. पण एरवी शाफ्ट हलका फिरला पाहिजे. आता तिन्ही टोकं एकत्र जोडून पुन्हा फिरवा. मधात चमचा ढवळावा तसं जड लागलं पाहिजे, आणि पूर्ण फेरीभर सारखं जड. टोकं मोकळी असतानाही जड लागलं तर एकतर बेअरिंग किंवा आतली रेती, जिच्याबद्दल पुढे सांगतो, नाहीतर आत गुंडाळ्या एकमेकींना चिकटल्यात, म्हणजे मोटर गेली. टोकं जोडल्यावर काहीच फरक पडला नाही किंवा जडपणा फार कमी वाटला तर वायर कुठेतरी तुटलीय. हाताला फरक कळायला शेजारी एक चांगली मोटर ठेवा.

तुटतं कुठे? बहुतेक वेळा सोल्डरच्या डागात. बुलेट कनेक्टरवरचा डाग चकचकीत हवा. राखाडी, दाणेदार दिसला तर तो थंड डाग. वरून धरलेला, आतून सुटलेला. एक फेरी मारून आल्यावर कनेक्टर बोटाने चाचपा. तिघांत एकच चटका देत असेल, तर तोच चोर. त्याच हाताने बॅटरीचा कनेक्टरही चाचपा. पुन्हा डाग द्यायचा तर मोबाईलच्या कामाची २५ वॉटची सोल्डरिंग गन चालणार नाही, जाड वायर सगळी उष्णता पिऊन टाकते. ६० वॉट आणि रुंद टोक लागतं. फ्लक्स राळेचा. नळाच्या पाइपला वापरतात तो आम्लाचा फ्लक्स वापरलात तर तीन महिन्यांत वायर हिरवी होऊन पुन्हा माझ्याकडे याल.

सेन्सर वायर: माझा पहिला संशयित

आता पहिल्या लक्षणाकडे. ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

ईएससीला योग्य वेळी योग्य वायरीत वीज सोडायची तर रोटर, म्हणजे आतला फिरता चुंबक, या क्षणी कुठे तोंड करून आहे हे कळायला हवं. सेन्सर नसलेल्या मोटरीत ईएससी हे मोटरने उलट निर्माण केलेल्या व्होल्टेजवरून ओळखतो. पण मोटर उभी असेल तर उलट व्होल्टेज शून्य. म्हणजे सुटताना तो आंधळा असतो. अंदाजाने एक धक्का देतो, चुकला की दुसरा देतो. ते टक-टक-टक त्याच्या चाचपडण्याचं. तेव्हा तुमची मोटर बिनसेन्सरची असेल, तर थोडं कॉगिंग हा दोष नाही, स्वभाव आहे. ईएससीतली पंच, म्हणजे सुटतानाच्या जोराची सेटिंग, कमी करा, थ्रॉटल जरा ठाम द्या, पिनियन एक-दोन दात लहान करा. पूर्ण जाणार नाही.

सेन्सरवाल्या मोटरीत मात्र तीन हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक ओळखणारे भाग, रोटरची जागा सांगत असतात, त्यामुळे गाडी मुंगीच्या वेगानेही सुटली पाहिजे. तिने आचके दिले, तर माझा हात आधी सहा तारांच्या त्या बारीक केबलकडे जातो. सहा तारांत एक ५ व्होल्टची, एक ग्राउंड, तीन सेन्सरच्या आणि एक मोटरचं तापमान सांगणारी. केसासारख्या बारीक तारा. बॉडी बसवताना चेपल्या जातात, मोटरच्या डब्याला टेकून तापतात, गिअरला घासतात. यातली तापमानाची तार खराब झाली तर मजाच. मोटर गार असून ईएससी 'तापली' म्हणून तोडू शकतो.

तपासणी अशी. गाडी ठोकळ्यावर ठेवा, चाकं अधांतरी. केबल दोन्ही बाजूंनी काढून पुन्हा खटकन बसेपर्यंत लावा. अगदी हलका थ्रॉटल धरून केबल मध्यभागी बोटाने हलवा. आचका आला की सापडली. नाही आला, तरी बदलून बघा. जास्तीची एक केबल कायम डब्यात असू द्या. आणि तीही नसेल तर केबल पूर्ण काढून गाडी चालवा. सेन्सरवाले बहुतेक ईएससी केबल नसेल तर बिनसेन्सरचे होऊन चालतात. सुटताना थोडी अडखळून नंतर सुरळीत पळाली, तर मोटरच्या गुंडाळ्या आणि ईएससीचा ताकदीचा भाग दोन्ही धडधाकट. दोष केबलमध्ये, नाहीतर मोटरच्या मागच्या झाकणातल्या सेन्सर पट्टीत. माझ्या दृष्टीने या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची चाचणी हीच.

एक धोक्याची गोष्ट. सेन्सरवाल्या मोटरीवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ईएससीवरही असतात. ए ला ए, बी ला बी. बिनसेन्सरच्या गाडीत मोटर उलटी फिरली तर कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की झालं, ही सवय लागलेले लोक इथेही तेच करतात. सेन्सर एक सांगतो, वीज भलत्या वायरीत जाते, मोटर हिसके देत करंट ओढते आणि धूर निघू शकतो. दिशा बदलायची तर ईएससीच्या सेटिंगमधून.

तापणं: गिअर आणि टायमिंग

दुसऱ्या लक्षणात, बॅटरी चांगली आणि चाकं मोकळी असतील तर कारण शंभरपैकी नव्वद वेळा मालकाची हौस असते, असं म्हणायचा मोह होतो. एका पोराने टीटी-०२ या मॉडेलच्या गाडीत २२ दातांचं पिनियन काढून २५ चं घातलं. स्पर ७० दातांचा, गाडीच्या आतलं प्रमाण २.६. म्हणजे चाकाच्या एका फेरीला मोटरच्या फेऱ्या आधी ७० भागिले २२ गुणिले २.६, ८.२७, नंतर ७.२८. तीनच दात तर वाढवले, असं तो म्हणाला. पण तेवढ्याच ओढीला मोटरचा करंट साधारण १४ टक्के वाढतो, आणि तांब्यातली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास ३० टक्के. त्यात तांबं तापलं की त्याचाच रोध वाढतो: २० अंशांवरून ९० वर गेलं की पाव पटीहून जास्त. आग आगीला बोलावते.

टायमिंगचंही, म्हणजे वायरींत वीज किती आधी सोडायची त्याचंही, तसंच. मोटरच्या मागच्या झाकणावर अंशांच्या खुणा असतात. झाकण फिरवून टायमिंग वाढवलं की वरचा वेग वाढतो, खालची ताकद कमी होते, करंट आणि उष्णता वाढते. वर ईएससीमधला बूस्ट आणि टर्बो हे इलेक्ट्रॉनिक टायमिंग. ते झाकणावरच्या आकड्यात भर घालतं. दोन्हीकडून वाढवून बसलात तर बेरीज तुम्हालाच भोवणार. स्टॉक वर्गाच्या रेसमध्ये ईएससी बूस्टशिवायच चालवतात, दिवा लुकलुकता ठेवून. त्याला सगळे ब्लिंकी म्हणतात. दोष शोधतानाही तेच करा. बूस्ट शून्य, टर्बो शून्य, झाकण कंपनीच्या मूळ खुणेवर, पिनियन दोन दात लहान. मग एका वेळी एकच गोष्ट वाढवा. दोन मिनिटं पळवा, थांबवा, तापमान मोजा. पुन्हा पाच मिनिटांनी.

मोजायला इन्फ्रारेड गन वापरता, ठीक. पण मोटरचा चकचकीत ॲल्युमिनियमचा डबा त्या गनला फसवतो, खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. डब्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा. ७० ते ८० अंशांपर्यंत मी निश्चिंत असतो. ९० दिसले की पिनियन बदलतो. एप्रिल-मे मध्ये इथे हवाच ४० च्या घरात असते, त्यामुळे जानेवारीत जुळवलेलं गिअर उन्हाळ्यात तसंच ठेवू नका.

वारंवार तापलेल्या मोटरचा रोटर कमजोर होतो, चुंबकत्व कायमचं उतरतं. ओळखायची खूण उलटी आहे: ठोकळ्यावर मोटर पूर्वीपेक्षा जास्त वेगाने फिरते, जमिनीवर मात्र ओढ नाही आणि लवकर तापते. 'मोटर मोकळी झाली' म्हणून खूश होऊ नका. रोटर म्हातारा झालाय.

मोटर उघडणं आणि काळी रेती

इथून पुढे वेळ आणि हात दोन्ही लागतात. नवखे असाल तर कुणाला तरी शेजारी बसवा.

लहानपणी तपोवनाकडे गोदावरीच्या वाळूत लोहचुंबक फिरवून काळी पूड जमवली नाही असा नाशिककर विरळा. आपली माती बसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. आता विचार करा, तोच खेळ तुमच्या मोटरमध्ये हजारो फेऱ्यांच्या वेगाने चाललाय. डब्याला हवेसाठी भोकं, आत तगडा चुंबक आणि भोवती मुरमाची धूळ. पहिल्यांदा एक मोटर उघडली तेव्हा रोटरवर मिशीसारखी काळी लव उभी होती. रोटर आणि डबा यांच्यातली फट मिलिमीटरच्याही आतली. तिथे ही रेती घासते, मोटर घरघरते, जड फिरते, तापते. माझ्या मोटरमध्ये तर अंबडचा लेथचा चुराही निघाला, कारण मी ती वर्कशॉपच्या बेंचवर उघडली होती. तिथे उघडू नका. घरी, धुतलेल्या जुन्या चादरीवर.

उघडण्याआधी झाकण आणि डबा यांच्यावर मार्करने एक आडवी रेघ मारा. टायमिंग पुन्हा जागेवर आणायला तोच पुरावा. कुठली शिम, म्हणजे शाफ्टवरची पातळ चकती, कुठल्या बाजूला होती, त्याचा फोटो काढा. झाकण अलगद ओढा, त्याला सेन्सरची पट्टी असते. रोटर काढताना चुंबक तो एका बाजूला खेचेल. सरळ ओढा, आपटू देऊ नका, टवका उडाला की रोटर बाद. रेती फुंकून निघत नाही, ब्रशने एका जागेवरून दुसऱ्या जागी जाते. पॅकिंगची चिकटपट्टी बोटाला उलटी गुंडाळून टिपत जा. एकाने कणकेचा गोळा वापरला होता. रेती निघाली छान, पण ओल राहिली आणि पुढच्या महिन्यात बेअरिंगला गंज. मोटर न उघडता कॉम्प्रेसरने हवा मारणं त्याहून वाईट, रेती थेट बेअरिंगमध्ये जाते.

बेअरिंग बोटावर फिरवा. खरखर लागली तर बदला. तेलाने खरखर जात नाही, फक्त आवाज दबतो. चांगल्या बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे.

ईएससी, सगळ्यात शेवटी

एवढं होऊनही दोष तसाच असेल तर मित्राची चालती मोटर आणि चांगली केबल तुमच्या ईएससीला लावा. गाडी नीट चालली तर ईएससी निर्दोष सुटला. तेच आचके आले, तर मात्र आता ईएससीवर बोट ठेवा.

बाहेरून दोनच गोष्टी बघायच्या. पंखा फिरतोय का, आणि बॅटरीच्या बाजूचे कपॅसिटर. कपॅसिटरचं डोकं सपाट हवं. फुगलं असेल, बुडाशी चिकट ओल असेल तर तो गेला. बॅटरीची वायर लांब करून घेतली असेल तर तो लवकर जातो, कारण लांब वायरीमुळे व्होल्टेजचे झटके वाढतात आणि ते सगळे त्याच्या अंगावर येतात. वायर कापून आखूड करा. नवा कपॅसिटर त्याच व्होल्टेजचा किंवा वरचा, कमी ईएसआरचा, म्हणजे कमी अंतर्गत रोधाचा. धन-ऋण उलटं लावलं तर फटाका.

इथे थांबा

लायपो फुगली असेल, पंक्चर झाली असेल किंवा गोडसर वास येत असेल तर तपासणी संपली. चार्जरला लावून 'एकदा बघू' नाही. घराबाहेर, वाळूच्या बादलीत, आणि मग ई-कचरा घेणाऱ्याकडे. घंटागाडीत टाकू नका.

ईएससीतून जळका वास आला, किंवा बॅटरी जोडताच ठिणगीबरोबर काहीतरी गरम झालं, तर पुन्हा जोडू नका. आत मॉसफेट, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणारा भाग, शॉर्ट झाला असण्याची शक्यता आहे आणि दुसऱ्या जोडणीत बॅटरीही जाईल. वॉरंटीत असेल तर डबी उघडू नका, विकणाऱ्याकडे परत पाठवा. वॉरंटी संपली असेल तर हॉट एअर मशीन आणि सूक्ष्मदर्शक असलेला मोबाईल दुरुस्तीवाला हे काम करू शकतो, पण सगळे घेत नाहीत. मॉसफेटसोबत त्यांना चालवणारी आयसीही गेली असेल तर नवा ईएससी स्वस्त पडतो. तो हे तोंडावर सांगेल, ऐका.

गुंडाळ्या जळाल्या तर रिवाइंडिंगवाल्याकडे नेण्यात अर्थ नाही. मी एकदा नेली होती. त्यांनी हातात घेतली, दिव्यासमोर धरली, म्हणाले, "भाऊ, आहे तीन फेजचीच, पण माझं बोट आत जात नाही," आणि चहा पाजून परत पाठवलं.

दुकानात किंवा कारागिराकडे गाडी द्याल तेव्हा सोबत चिठ्ठी द्या: किती सेलची बॅटरी, पिनियन-स्परचे दात, टायमिंग किती अंशांवर, बंद पडताना स्टिअरिंग हलत होतं का, केबल काढून चालवली तर काय झालं. आणि तुम्ही काय काय उघडलंत, तेही लिहा. लपवलेला स्क्रू तो शोधूनच काढतो, फक्त त्या शोधण्याचेही पैसे लावतो.